सतरा तासांची शिदोरी

सुरुवातीलाच माफी मागतो. दिवाळी अंकात आपल्या कामाबद्दल जी माणसं लिहितात त्यांच्या मागे तीस-पस्तीस वर्षांची नोकरी असते. माझ्यामागे तीन वर्षं आहेत, तीही अर्धवेळ, कॉलेज सांभाळून. आमच्या घरात मंडळाचा अंक दरवर्षी येतो, पण त्यात लिहिणारं कुणी आजवर झालं नाही. कॉलेजातही माझ्याआधी कुणी गेलं नाही. संपादक काकू म्हणाल्या, "जसं घडलं तसं लिही, बाकी आम्ही बघू." म्हणून हे धाडस. आणखी एक कबुली आधीच देऊन टाकतो: ज्या शर्यतीबद्दल लिहितोय ती मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, आणि मला पोहता येत नाही.

इंदुरात, स्नेहलतागंजात सायकलच्या एका दुकानावर एक लांबट खोली आहे. तिथे तन्मय सर लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची तयारी करून घेतात. आधी तीन हजार आठशे मीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल चालवायची, आणि त्यानंतर पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे बेचाळीस किलोमीटर धावायचं. सगळं एकाच दिवसात, सतरा तासांच्या आत. सतरा तास उलटले की तुम्ही कितीही जवळ आलेला असा, शर्यत संपते तिथली कमान बंद होते.

सर पोहणं, सायकल, धावणं शिकवतात. माझ्याकडे वेग आणि खाणं. मी जीवरसायन शिकतो, म्हणून सरांनी मला ठेवलं. कोण किती घाम गाळतो ते मोजायचं, कुणाच्या पोटाला काय चालतं ते बघायचं, आणि प्रत्येकाला एक कागद करून द्यायचा: कोणत्या तासाला किती जोर लावायचा, किती वाजता काय गिळायचं.

बाहेरच्या माणसाला यात नोकरी काय आहे ते कळत नाही. माझे बाबा मल्हारगंजात शेवेच्या कारखान्यात तळणीवर असतात. त्यांना मी पहिल्या आठवड्यात समजावलं तेव्हा ते हात पुसत ऐकत होते.

"म्हणजे लोक धावतात, अन् तू त्यांना सांगतो कधी खायचं?"

"हो."

"अन् ते ऐकतात?"

"बहुतेक जण."

"बढिया आहे. माझं तर घरात कोणी ऐकत नाही," ते म्हणाले आणि आईकडे बघून हसले.

खरं तर गोष्ट सोपी आहे. शरीरात साखरेचा जो साठा असतो तो दोन-तीन तासांच्या कष्टाला पुरतो. चरबी भरपूर असते, पण ती ओल्या लाकडासारखी जळते, हळू. म्हणून वरून साखर देत राहावी लागते. पण धावत्या माणसाचं पोट एका तासात ठरावीकच साखर आत घेतं. त्याहून जास्त दिली तर ती तिथेच बसून राहते आणि मळमळतं. त्यातही तुम्ही वेग वाढवलात की रक्त पायांकडे जातं आणि पोट कामच बंद करतं. म्हणजे वेग आणि खाणं या दोन गोष्टी नाहीतच. जो फार जोरात जातो तो खाऊ शकत नाही, आणि जो खाऊ शकत नाही तो आठव्या-नवव्या तासाला रस्त्याच्या कडेला बसतो. सर सांगायचे, पहिले शंभर किलोमीटर अशी सायकल चालवा की जणू दुसऱ्या कुणाचं शरीर सांभाळायला घेतलंय.

रविवारी पहाटे आमची मंडळी खंडवा रोडने निघायची. मी मागे सरांची स्कूटर चालवत, डिकीत बाटल्या. थंडीच्या दिवसांत शेतांवर धुकं असायचं आणि पुढच्या सायकली त्यात शिरून दिसेनाशा व्हायच्या. फक्त साखळ्यांचा बारीक आवाज येत राहायचा. दर वीस मिनिटांनी मी पुढे जाऊन "घोट" म्हणायचो आणि एकेक हात बाटलीकडे जायचा. दोन-तीन तासांनी मला झोप आणि जाग यांच्या मधलंच काही तरी लागायचं. वाटायचं, हा रस्ता असाच उतरत उतरत कुठल्या तरी समुद्रापाशी जाईल. मी समुद्रही पाहिलेला नाही. पण किती वेळा तरी त्या धुक्यात मी लाटांचा आवाज ऐकलाय, आणि मग कळलंय की तो उसाचा ट्रक होता.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. मल्हारगंजातले एक कापडवाले सेठजी होते. त्यांना शर्यत अर्ध्या अंतराचीच करायची होती, पण खाण्याबद्दलची मतं पूर्ण अंतराची होती. बाजारात पिशवीतून जी गोड, चिकट जेल मिळते ती त्यांनी पहिल्या दिवशी चाखली आणि माझ्याकडे बघत राहिले.

"भिया, ये तो मीठी लेई है. इससे तो पोस्टर चिपकाते हैं."

"सेठजी, यात ताकद असते."

"होगी. पर इंदौर का आदमी पाँच घंटे मीठा खाएगा?"

पुढच्या रविवारी त्यांनी जेल वाटीत काढून त्यात जिरावण घालून आणली, पोह्यांवर टाकतात तो आमचा इंदुरी मसाला. बाकीचे हसले. मीही हसलो. चार तासांनी बाकीच्यांना गोड नको नको झालं होतं आणि सेठजी बोट चाटत होते. घरी येऊन मी वहीत लिहिलं की लांबच्या प्रवासात जिभेला खारट-आंबट हवं असतं. पुस्तकात हे असतंच, पण मला ते सेठजींच्या वाटीतून कळलं. त्यातून खरं तर मी आणखी एक गोष्ट शिकायला हवी होती, की समोरच्याला त्याच्या घरचं खाणं विचारावं. ती मी शिकलो नाही. ती चूक मुळ्ये मॅडमना भोगावी लागली.

शुभांगी मुळ्ये मॅडम मुलींच्या शाळेत भूगोल शिकवतात. वय एक्कावन्न. ठेंगण्या, शांत, केस घट्ट बांधलेले. जुन्या इंदुरात राहतात. वर्गात आयुष्यभर नकाशावर देश दाखवले, आता एका देशात स्वतःच्या पायांनी जायचंय, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. त्यांनी न्यूझीलंडमधली शर्यत निवडली होती, कारण तिथे तळ्यात पोहायचं असतं, आणि समुद्राची त्यांना भीती होती. माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या, तरी मला "अहो भिया" म्हणत, भिया म्हणजे इंदुरी भाऊ. माझ्या आयुष्यात मला अहो-जाहो करणाऱ्या त्या पहिल्याच.

त्यांच्यासाठी मी जो कागद केला त्याचा मला फार अभिमान होता. कॉलेजजवळच्या दुकानात टाइप करून घेतला, इंग्रजीत, रकाने आखून. पहिल्या तासापासून सतराव्यापर्यंत. जेल, माल्टची बिस्किटं, मिठाच्या गोळ्या, कोणत्या बाटलीत कोणती पूड. रविवारच्या सरावात तो कागद घड्याळासारखा चालला. सहा तास सायकल आणि वर दीड तास धावणं, मॅडम गाणं गुणगुणत उतरायच्या. मी निर्धास्त झालो.

न्यूझीलंडला मात्र धावण्याच्या तिसाव्या किलोमीटरवर त्या खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी पुढे जाऊ दिलं नाही. त्यांचे यजमान, मुळ्ये काका, रेल्वेतून निवृत्त झालेले, सोबत होते. त्यांनी सरांना कळवलं. परत आल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "पोटाने साथ दिली नाही."

मी तो कागद किती वेळा वाचला असेन. साखर जास्त झाली का, मीठ कमी पडलं का, तिथल्या थंडीचा हिशेब चुकला का. जेवताना वाचायचो, बसमध्ये वाचायचो. सर म्हणाले, "होतं असं. दुसऱ्यांदा कर नीट." मॅडमनी पुन्हा नाव नोंदवलं होतं. शाळा एवढी मोठी रजा आणखी एकदाच देणार होती, आणि त्यांच्या डाव्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांनीही एकाच वर्षाची भाषा केली होती. म्हणजे ही शेवटची संधी. मी सगळं बदललं. साखर कमी केली, वाढवली, कंपनी बदलली. रविवारी सगळंच चाले. हेच मला कळत नव्हतं, की रविवारी सगळंच कसं चालतं.

मग डिसेंबरात एका रविवारी कुणा मोठ्या माणसाच्या दौऱ्यासाठी रस्ते बंद होणार होते, म्हणून सरांनी सराव शनिवारी घेतला. सर पुढच्या गटाबरोबर होते, मी मॅडमच्या मागे. ऐंशी किलोमीटरनंतर त्यांची सायकल रेषा सोडायला लागली. सिमरोलच्या अलीकडे एका पुलाच्या कठड्याशी त्या थांबल्या, उतरल्या आणि कठड्यावर बसल्या. चेहरा पांढरा. मी बाटली काढून द्यायला गेलो तर ती जड लागली. भरलेली होती. दुसरीही. फक्त साध्या पाण्याची तिसरी रिकामी होती. पाठीच्या खिशातली जेलची पाकिटं जशी दिली तशीच. खिशात केळ्याची दोन सालं मात्र होती.

"मॅडम, तुम्ही काहीच घेतलं नाही?"

त्यांनी हेल्मेटचा पट्टा सोडला.

"आज शनिवार आहे ना, भिया."

मला कळलं नाही. मग कळलं.

"तिकडेही शनिवारच होता?"

"शर्यत शनिवारीच असते तिथे."

"म्हणजे तीस किलोमीटरपर्यंत तुम्ही केळ्यांवर?"

"केळी, अन् पाणी. दर शनिवारी मी तेवढ्यावर सहा तास शिकवते की. वाटलं निघून जाईल एक दिवस." मग हळू म्हणाल्या, "पाकिटावर वाचलं मी. त्यात मका असतो. बिस्किटात गहू. गोळीत आपलं साधं मीठ. उपासाला कसं चालणार?"

"मग मला सांगायचं ना."

"तुम्ही इतका छान छापून कागद दिला होता. सतरा रकाने. त्यात कुठे म्हणू, की माझा शनिवार आहे?"

त्यांच्या वडिलांचा मारुतीचा शनिवार होता. सकाळपासून रविवार लागेपर्यंत. ते गेल्यावर मॅडमनी तो घेतला, सत्तावीस वर्षं झाली. मी घाईघाईत म्हणालो की देव एका शर्यतीची सूट देईल. त्या हसल्या.

"देव काही म्हणणार नाही, मला माहितीये. मीच म्हणेन मला."

मी स्कूटरला टेकून उभा राहिलो. माझी आई दर मंगळवारी उपास करते. त्या दिवशी घरात तिच्यासाठी वेगळं पातेलं असतं, सैंधवाची वेगळी डबी असते, हे मी लहानपणापासून बघतो. पण कागद करायला बसलो की माझ्या पुस्तकातल्या तक्त्यात तो रकाना नसायचा, म्हणून माझ्याही तक्त्यात नसायचा. घरात जे रोज दिसतं ते विद्येत मोडत नाही अशी माझी काही तरी समजूत होती. ती कुठून आली मला माहीत नाही. त्या पुलावर बसून मॅडमनी माझ्यासमोर तिसरं केळं सोललं आणि मला फार लाज वाटली.

घरी येऊन आईला विचारलं, उपासाला काय काय चालतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी स्वतःचं नाव विचारलं.

"साबुदाणा, बटाटा, राजगिरा, रताळं, खजूर, साखर, लिंबू, सैंधव. का रे, तू करणार?"

"एक बाई सतरा तास धावणार आहेत, त्यांच्यासाठी."

"उपासाच्या दिवशी?"

"हो."

"मग खिचडी नको. छातीवर बसेल. पेज करू."

मी वही उघडली आणि थांबलो. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. पातळ शिजवून गाळला की ती बाजारातली जेलच, फक्त मक्याऐवजी कंदाची. खजुरातून दुसऱ्या प्रकारची साखर मिळते, जी पोट वेगळ्या वाटेने आत घेते, म्हणजे दोन्ही मिळून जास्त मावते. सैंधव घामाचं मीठ भरून काढतं. आणि उकडलेला बटाटा कुस्करून, लिंबू पिळून: सेठजींचं खारट-आंबट. पुस्तकातला एकेक रकाना आईच्या डब्यांनी भरत गेला.

जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही सगळे सराव शनिवारी घेतले. पहिली पेज इतकी घट्ट झाली की बाटलीतून बाहेरच येईना. बाबांनी कारखान्यातून बारीक मलमलचं कापड आणून दिलं. "गाळ दोनदा. अन् गरम असतानाच गाळ, गार झाली की ऐकत नाही," ते म्हणाले. राजगिऱ्याचा लाडू बाद झाला, धावताना घशात भुगा उडतो. चौथ्या शनिवारी मॅडम साडेसहा तास सायकलवर राहिल्या आणि उतरून दीड तास धावल्या. थांबल्यावर मी विचारलं कसं वाटतंय. म्हणाल्या, "वर्गात शेवटच्या तासाला वाटतं तसं. म्हणजे चालेल."

वेगही आम्ही नव्याने बांधला. सायकलवर नाडी एका आकड्याच्या वर जाऊ द्यायची नाही, चढ असो की कुणी पुढे जावो. धावताना प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी चालायचं, तीस पावलं, मोजून, खाऊन मगच धावायचं. या वेळचा कागद मी हाताने लिहिला, मराठीत. सर म्हणाले, सोळा तासांत होईल. मी मनात साडेसोळा धरले.

शर्यत मार्चमधल्या शनिवारी होती, आणि त्याच दिवशी माझी प्रात्यक्षिक परीक्षा. न्यूझीलंड आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे. मॅडम पाण्यात उतरल्या तेव्हा इथे शुक्रवार संपत होता. सकाळी उठून फोनवर शर्यतीचं ॲप उघडलं तर त्या सायकलवर होत्या, ठरल्या वेगात, एका मिनिटाचाही उतावळेपणा नाही. नऊच्या सुमारास धावायला लागल्या. अकराला मी परीक्षेला बसलो तेव्हा चौदा किलोमीटर झाले होते. फोन दारापाशी जमा करावा लागला.

प्रयोग होता अनोळखी पदार्थ ओळखण्याचा. मी नळीत आयोडिनचे थेंब टाकले आणि द्रव गडद निळा झाला. पिष्ट. खिडकीतून ऊन येत होतं आणि तो निळा रंग नळीत हळूहळू खाली उतरत होता. मला वाटलं एखादं तळं असंच दिसत असेल, त्याच्या काठाने संध्याकाळी एक ठेंगणी बाई चालली असेल, तीस पावलं मोजत. बाहेरच्या परीक्षकांनी दोनदा विचारलं, "मिस्टर, निष्कर्ष काय?" तेव्हा मी उत्तर दिलं.

अडीचला फोन हातात आला. चौदा किलोमीटर. पुढे काही नाही. एकविसाची नोंद नाही, तिसाची नाही. ॲपवर नोंद कधी कधी उशिरा चढते हे मला माहीत होतं. पण गेल्या वर्षीही ती अशीच एका आकड्यावर थांबली होती आणि मग हललीच नव्हती. सरांना फोन केला. त्यांनाही काही कळलेलं नव्हतं. काकांचा फोन लागत नव्हता.

मी घरी गेलो नाही. कॉलेजच्या मैदानाला लागून एक पायरी आहे, तिथे बसलो. इथल्या साडेचारला तिथली कमान बंद होणार होती. तीन वाजले. मी मनातल्या मनात त्यांना खायला घालत होतो: आता बटाटा, आता दोन खजूर, आता पेजेचा घोट. चार वाजले. मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती आणि त्यांचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. साडेचार वाजले. पावणेपाच. सतरा तास संपले होते, आणि एवढंच मला नक्की माहीत होतं. मी विचार करायला लागलो की त्या परत आल्यावर त्यांच्यासमोर उभं कसं राहायचं.

पाच वाजून गेल्यावर फोन वाजला. परदेशातला नंबर. मॅडमचा आवाज बसलेला होता, पण नेहमीसारखाच शांत.

"भिया, एक विचारायचं होतं. इकडे रविवार लागला. इंदुरात अजून शनिवारच ना? ह्यांनी किटलीच्या पाण्यात पोहे भिजवलेत, समोर ठेवून बसलेत. उपास कुठला धरायचा, इथला की तिथला?"

"मॅडम," मी म्हणालो, "तुम्ही पोहोचलात का?"

"म्हणजे? तुम्हाला कळलं नाही?"

मागून काकांचा आवाज आला, "ॲप बंद पडलंय त्यांचं, मी म्हटलं ना तुला, आधी ते सांग."

"अहो, पोहोचले की," मॅडम म्हणाल्या. "अकरा मिनिटं हातात होती. आता पोह्यांचं सांगा."